चौसष्ट पगार

३ मार्च, मंगळवार

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र मागच्याच आठवड्यात मिळालं. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. लॅबमध्ये इतकं काम आलंय की शहरातल्या सगळ्या म्हाताऱ्यांनी ठरवून एकदम दात काढलेत की काय असं वाटतं. काल एका दिवसात चार कवळ्या घासून चकचकीत केल्या. हे लिहितानाही बोटांवर प्लास्टर आहे. कागदावर पांढरे ठसे दिसले तर ते माझेच.

भाऊजी एवढ्या वर्षांनी जिना चढायला लागले हे वाचून फार बरं वाटलं. काठी नीट धरायला सांग. घाई करणारा माणूस आहे तो. आणि तुझी मान कशी आहे? दिवसभर नुसत्या कॉलरी शिवायच्या, बाही नाही की खिसा नाही, हे मला अजून डोळ्यांसमोर येत नाही. अख्खा शर्ट कापून शिवून हातात देणारी तू. असो.

इकडे सगळं ठीक. लेकीचा आठवड्याला एकदा फोन येतो, ती तिच्या नोकरीत रमलीय. हेही बरे आहेत. गोदामातून निवृत्त झाल्यापासून ह्यांना करमत नाही, म्हणून आता घराचाच स्टॉक ठेवतात. परवा मी साबण मागितला तर म्हणाले, आधीचा संपला कधी? मी म्हटलं, अंगाला लावल्यावर संपला. हसले नाहीत. गेल्या महिन्यात माझ्या चपलेचा अंगठा तुटला. नवी हवी म्हटलं तर नेहमीचा प्रश्न, "कशाला?" हा माणूस कधी ओरडत नाही, हात उगारत नाही. नुसतं "कशाला?" विचारतो आणि उत्तराची वाट बघत बसतो. सत्तावीस वर्षांत मी इतकी उत्तरं दिलीत की आता मागायच्या आधी उत्तर तयार करते, आणि उत्तर सुचलं नाही की मागतच नाही. चपलेला टाका घालून घेतला.

फोनवर हे तुला सांगता येत नाही. फोन बाहेरच्या खोलीत आणि ह्यांची खुर्ची फोनला लागून. म्हणून तर ही पत्रं, तीही लॅबच्या पत्त्यावर. या वयात चोरून पत्रं लिहिते म्हटल्यावर कुणाला वाटेल काय प्रकरण आहे. प्रकरण म्हणजे तू.

एक बातमी राहिली. मालकीणबाई लॅब बंद करतायत. त्यांचे हात थरथरतात. मेणात दात बसवताना परवा सबंध वरची रांग वाकडी गेली. मी गुपचूप सरळ केली, पण त्यांनी पाहिलं. एक मोठी कंपनी लॅब घ्यायला तयार आहे. यंत्रं नेतील, माणसं नेणार नाहीत. माणूस म्हणजे मीच उरलेय. मालकीणबाई म्हणाल्या, तुला हवी असेल तर कंपनीपेक्षा कमीत देईन, पण रक्कम एकदम लागेल, आणि एकतीस तारखेच्या आत. त्यांना भावाकडे राहायला जायचंय, तिकडचं घर त्यातूनच घ्यायचंय.

मी हसले. माझ्याकडे कुठले आलेत एवढे पैसे?

तर असं आहे. दुसरीकडे काम शोधावं लागेल. बावन्नाव्या वर्षी कोण घेतंय बघू. तू काळजी करू नकोस. मानेला शेक देत जा.

तुझी,
बारकी


१४ मार्च, शनिवार

प्रिय ताई,

तुझं पत्र काल आलं. मी ते दोनदा वाचलं आणि घडी घालून एप्रनच्या खिशात ठेवलं. दिवसभर ते खिशात टोचत होतं.

ताई, पैसे पाठवू नकोस. तू लिहिलंस, कारखान्याच्या पतपेढीत थोडे साठलेत, भाऊजींनाही विचारलंय, ते हो म्हणालेत, लॅबच्या किमतीपुढे ते काहीच नाहीत पण सुरुवात होईल. सुरुवात वगैरे काही नको. त्या पैशांना हात लावू नकोस. भाऊजींना पुन्हा दवाखाना लागला तर? तुझी मान आहे. खरंच नको. मी हात जोडते असं समज.

कंपनीचा माणूस बुधवारी येऊन गेला. चांगला कोट घातलेला, फार नम्र. टेप काढून माझं टेबल मोजलं, भट्टी मोजली, घासायच्या यंत्राचा नंबर टिपून घेतला. मी स्टुलावर बसले होते. त्यानं विचारलं, किती वर्षं? मला वाटलं यंत्राबद्दल विचारतोय, म्हणून मी यंत्राची वर्षं सांगितली, अकरा. मग म्हणाला, नाही, तुमची. मी म्हटलं, बावीस. त्यानं तेही लिहून घेतलं.

तो गेल्यावर मालकीणबाईंनी पुन्हा विचारलं. त्या म्हणाल्या, "तू विचार करतेयस की नुसती घाबरून बसलीयस?" मी म्हटलं, विचार करतेय. त्या म्हणाल्या, विचार करणारा माणूस काहीतरी विचारतो, भाडं किती, वीज किती, डॉक्टर उधारी ठेवतात का. तू एकही प्रश्न विचारला नाहीस.

गुरुवारी मी बँकेत गेले होते. सहज. म्हणजे सहज नाही.

काउंटरवर एक तरुण बाई आहे, नवीन. बोलायला गोड आहे आणि कामाला कडक. एक मोठी रक्कम गेली बरीच वर्षं साध्या बचत खात्यात पडून असेल तर काय, असं मी विचारलं. कुणाची ते सांगितलं नाही. तिनं पासबुक मागितलं. म्हणजे कळलंच तिला. तिनं आकडे लावले आणि कागद माझ्याकडे फिरवला. ही रक्कम वेळच्या वेळी मुदत ठेवीत टाकली असती तर आज जवळजवळ दीडपट झाली असती, म्हणाली. मग आपुलकीनं म्हणाली, "मावशी, टाकली का नाहीत?"

काय सांगणार? ठेवीची पावती घरी येते, म्हणून.

तिनं पैसे काढायचा अर्ज पुढे केला. एवढी रक्कम काढायची तर त्यात एक रकाना भरावा लागतो, रक्कम कशासाठी हवी आहे. मी पेन धरून उभी राहिले. मागे रांग होती. रकाना बोटभर लांबीचा, त्यात दोन शब्द मावले असते. ताई, ते मला लिहिता आलं नाही. अर्ज घडी घालून घेऊन आले.

हे वाचून तू काय समजशील ते समज. पुढचं मला आत्ता लिहिता येत नाही, मालकीणबाई साचे मागतायत. पण तू पैसे पाठवू नकोस एवढं ऐक. पाठवलेस तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. असं का म्हणते, ते लिहीन.

तुझी,
बारकी


१ एप्रिल, बुधवार

प्रिय ताई,

तू ऐकलं नाहीस. पैसे सोमवारी, तेवीस तारखेला आले. सोबत तुझी चिठ्ठी, "परत करायची घाई नको, आधी लॅब घे." तुझे पैसे मी टेबलावर ठेवले, मेणाच्या डब्याशेजारी, आणि त्या दिवशी माझ्या हातून एक कवळी भट्टीत जास्त वेळ राहून तडकली. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

आता सगळं लिहिते. मधे खोडलं तर मुद्दाम खोडलं असं समजू नकोस, मला असं लिहायची सवय नाही.

माझ्याकडे पैसे होते. थोडेथोडके नव्हेत. मी ते पगारांत मोजते, कारण तेच माप मला कळतं. माझे चौसष्ट पगार. पाच वर्षांहून जास्त. मी लॅबला लागले त्याच्या दुसऱ्या वर्षी ह्यांनी एकदा भाजीवाल्यासमोर माझ्या हातातून पाकीट घेतलं, नाणी मोजली आणि परत दिलं. त्या आठवड्यात मी खातं उघडलं. जादा कवळ्यांचे पैसे वेगळे मिळायचे, ते तिथे जायला लागले. पुढे पगार वाढला तो मी घरी सांगितला नाही, ह्यांच्या हातात जुनाच देत राहिले. ह्यांना माझा पगार बारा वर्षांपूर्वीचाच माहीत आहे, असं मी समजत होते.

ते पैसे घर सोडण्यासाठी होते. आधी ठरवलं, सहा महिन्यांचं भाडं जमलं की लेकीला घेऊन निघायचं. सहा महिन्यांचं जमलं. मग वाटलं, वर्षाचं असावं. ते जमलं तेव्हा म्हटलं, लेकीची शाळा संपू दे. मग कॉलेज. मग तिची नोकरी लागू दे. ती लागली, ती गेली, आणि मी तिथेच राहिले. दर वेळी आकडा गाठला की मी तो पुढे सरकवायचे. पासबुक लॅबच्या खणात, प्लास्टरच्या पिशव्यांखाली ठेवलेलं. दुपारी सगळे जेवायला गेले की मी ते काढून बघायचे, मग बरं वाटायचं. त्या पैशातून मी स्वतःला एक चप्पल घेतली नाही. माझीच चोरी मला उघडी पडेल अशी भीती. आणि नुसती तीच भीती नव्हती. आकडा कमी झालेला मला बघवला नसता. पैसे काढायचा विचार आला की माझ्याच आतून कुणीतरी विचारायचं, कशाला? तो आवाज ह्यांचा नव्हता गं. माझाच होता.

तुझे पैसे आले त्याच संध्याकाळी मी पासबुक घरी नेलं. हे चहा पीत होते. मी ते कपबशीशेजारी ठेवलं आणि समोर बसले.

ह्यांनी पासबुक उघडलं नाही. उठले, कपाटातून पावत्यांची फाइल काढली, त्यातून पाकिटं काढली आणि पासबुकाशेजारी एकावर एक नीट रचून ठेवली. अकरा पाकिटं. बँकेची. सगळी कडेनं सुरीनं कापलेली. एका वर्षी ओळखपत्राचे कागद द्यावे लागले होते, त्यावर घरचा पत्ता होता. तेव्हापासून दर वर्षी व्याजाचं पत्र घरी येत होतं, आणि मी कामावर असताना पोस्टमन ते ह्यांच्या हातात देत होता.

"ह्या वर्षीचं अजून यायचंय," ते म्हणाले.

मी विचारलं, अकरा वर्षं बोलला का नाहीत? त्यांनी कप बशीत फिरवला.

"वाढत होते," ते म्हणाले. "वाढत होते तोवर तू होतीस. ज्या दिवशी कमी होतील त्या दिवशी तू गेलेली असशील, हे मला ठाऊक होतं."

मग ते म्हणाले, "आता काढणार?"

"हो."

"म्हणजे जाणार."

मी लॅबचं सांगितलं. किंमत सांगितली, चाळीस पगार. मला वाटलं आता तो शब्द येईल. मी उत्तर तयार ठेवलं होतं, रस्ताभर घोकलं होतं. पण तो आला नाही. ते म्हणाले, "पावती नीट घे. बाई वयस्कर आहेत. यंत्रांची यादी जोडून घे, नंबरासकट." एवढं बोलून कप विसळायला गेले.

तुला वाटेल मला हायसं वाटलं असेल. मला संताप आला, ताई. अकरा वर्षं मी जीव मुठीत धरून चोरी करत होते आणि घरमालक जागा राहून बघत होता. हा माणूस सगळं माहीत असून मला साबणाचा हिशोब विचारत होता. मग मला दिसलं की तोही अडकलेलाच होता. त्याला काही मागायचं असेल तर मागता येत नव्हतं, थांब म्हणता येत नव्हतं. हातखर्चाची दोरी आखूड धरून बसला, कारण दुसरं काही धरायला त्याला शिकवलंच नव्हतं कुणी. मला त्याची दया आली असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. अजून आलेली नाही.

बँकेत जाऊन मी अर्ज भरला. रकान्यात लिहिलं, "स्वतःची लॅब." त्या पोरीनं वाचलं, शिक्का मारला, पुढचं विचारलं नाही. उरलेल्या चोवीस पगारांचं काय करायचं ते तिच्याशी तासभर बसून ठरवलं. काही हाताशी, काही मुदतीत, आणि लॅबचे सहा महिने चालतील एवढे वेगळे. इतकं साधं होतं. हा तास मला वीस वर्षांपूर्वीही मिळाला असता. पैशाला काम नेमून दिलं की आकडा बघत बसावं लागत नाही, एवढंच त्यात शिकण्यासारखं होतं, आणि तेवढ्यासाठी माझं अर्धं आयुष्य गेलं.

तीस तारखेला कागद झाले. यंत्रांच्या यादीसकट. मालकीणबाईंनी सही करताना मी त्यांचा हात धरला, कागद फाटू नये म्हणून. काल सकाळी लॅबला पोचले आणि दारात उभी राहिले, नेहमीसारखी, कुणीतरी येऊन उघडेल म्हणून. दहा मिनिटं तरी उभी असेन. किल्ली माझ्याच पर्समध्ये होती.

मी घर सोडलेलं नाही. सोडेन का, माहीत नाही. आता जायला कुणी अडवत नाही आणि तरी पाय निघत नाही, हे आधीपेक्षा जास्त अवघड आहे. रोज संध्याकाळी परत जाते. मी आले की हे दाराकडे बघतात, मग घड्याळाकडे. आम्ही दोघं जेवतो. काल त्यांनी विचारलं, किती कवळ्या झाल्या? मी सांगितलं, तीन. बस. एवढंच.

आता जे लिहायचं टाळत इथवर आले ते.

नऊ वर्षांपूर्वी भाऊजी बांधकामाच्या परांचीवरून पडले आणि तू माझ्याकडे आलीस. घरी नाही, लॅबमध्ये. ह्यांच्यासमोर विचारायला नको म्हणून. माझ्या टेबलाशी बसलीस, कोपर टेबलावर टेकलंस, आणि ऑपरेशनचा आकडा सांगितलास. माझे नऊ पगार. मी म्हटलं, ताई, माझ्या हातात काही नसतं गं, तुला माहीतच आहे. पर्स उघडून तुला दाखवली. त्यात होते ते दिले, तुझ्या परतीच्या भाड्याहून थोडे जास्त.

तुझ्या कोपराखालच्या खणात पासबुक होतं. त्यात त्या दिवशी एकतीस पगार होते.

तू रागावली असतीस तर बरं झालं असतं. तू माझ्या पाठीवरून हात फिरवलास. म्हणालीस, "तुझंच किती अवघड आहे, मी उगाच विचारलं." जाताना मला समजावत गेलीस. महिन्याभरानं तुझं दुकान गेलं, कात्र्या, मशीन, दारावरच्या पाटीसकट. भाऊजींचं ऑपरेशन तोवर लांबलं आणि पाय पुरता सुधारला नाही. तेव्हापासून तू कॉलरी शिवतेस. आणि मी तुला नऊ वर्षं दर पत्रात विचारते, मान कशी आहे.

मी ह्यांना भ्यायले म्हणून खोटं बोलले, असं मी स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. ह्यांना कळलं नसतं, तू कधीच बोलली नसतीस. मला आकडा एकतीसचा बावीस झालेला बघवणार नव्हता. तेवढंच कारण होतं. तुझ्या नवऱ्याचा पाय एका बाजूला आणि तो आकडा दुसऱ्या बाजूला होता, आणि मी आकडा ठेवला.

तुझे पैसे मी आज परत पाठवलेत, जेवढे आले तेवढेच. त्यात भर घालावीशी वाटली, घातली नाही. घातली असती तर तुला ते मोजून मला माफ करावं लागलं असतं, आणि ते ओझं मी तुझ्यावर टाकणार नाही. तुझ्या दुकानासारखं दुकान आज घ्यायला पंधरा पगार लागतील, मी चौकशी केली. तेवढे चोविसांतून बाजूला ठेवलेत. त्या ठेवीची पावती घरात, टेबलावर, सगळ्यांना दिसेल अशी आहे. ते तुझ्यावर उपकार नाहीत, आणि त्यानं भाऊजींचा पाय सरळ होत नाही हेही मला कळतं. हवेत असं तू म्हणालीस तर मी स्वतः घेऊन येईन. नकोत म्हणालीस तरी येईन. दार उघडलं नाहीस तर पायरीवर थोडा वेळ बसेन आणि परत जाईन.

हे पत्र भाऊजींनाही वाचून दाखव. त्यांना कळायला हवं.

उत्तर लिहिणार असशील तर घरच्या पत्त्यावर लिही. नसशील लिहिणार, तर मी तेही उत्तर समजेन.

जिच्याजवळ त्या दिवशी होते, ती तुझी बहीण